डोळ्याभोवतीचे हाड मोडले तर...

तोंडावर मार बसला की घरचे पहिल्यांदा विचारतात, ‘टाके किती पडले?’ खरे तर विचारावे, ‘नीट दिसते का? डोळा चहूकडे फिरतो का?’

डोळ्याची खोबण ७ हाडांची असते. तिचा तळ आणि नाकाकडची भिंत अगदी पातळ. ठोसा किंवा चेंडू लागला की कडा शाबूत राहते, पण तळ फुटू शकतो आणि डोळ्याखालची चरबी किंवा स्नायू त्या फटीत अडकतो. मग एकाच्या दोन वस्तू दिसतात, गाल बधिर होतो. लहान मुलांत सूज, लाली फारशी नसते. पण वर पाहता येत नाही, उलट्या होतात, नाडी मंदावते. अशा मुलाला नुसते झोपवून ठेवू नका. अडकलेला स्नायू एक-दोन दिवसांत सोडवला नाही तर कायमचा अधू होऊ शकतो.

नाकाच्या मुळाशी जोराचा मार बसला तर वेगळेच घडते. डोळ्याचा आतला कोपरा एका चिवट बंधाने हाडाला बांधलेला असतो. ते हाड सुटले की कोपरा सरकतो, दोन डोळ्यांतले अंतर वाढते, नाक बसते. हाडाचा तुकडा मोठा असेल तर टिटॅनियमची पट्टी व स्क्रू पुरतात. चुरा झाला असेल तर बारीक तार नाकाच्या मुळातून आरपार नेऊन कोपरा जागेवर बांधतात. खोबणीच्या तळाला टिटॅनियमची जाळी किंवा रुग्णाचेच हाड बसवतात.

‘चेहरा कापणार का?’ ही भीती, विशेषतः मुलीच्या आईवडिलांना, फार असते. पण शक्यतो छेद लपवूनच घेतात: खालच्या पापणीच्या आतून, वरच्या हिरडीवरून, किंवा या कानापासून त्या कानापर्यंत केसांत. आधीची जखम असेल तर तिच्यातूनही वाट काढतात. सूज उतरावी म्हणून काही दिवस थांबतात. परंतु दोन आठवड्यांपेक्षा जास्त लांबले तर हाडे वाकडी जुळू लागतात आणि दुरुस्ती अवघड होते.

म्हणून सीटी स्कॅन करून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. नाक शिंकरू नका; हवा खोबणीत शिरते. नाकातून पाण्यासारखा द्रव गळत असेल, किंवा नजर कमी झाली असेल, तर त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठा. आणि मोटारसायकलवर हनुवटी झाकणारे हेल्मेट वापरा. अर्ध्या टोपीने चेहरा वाचत नाही.