चावी कुणाच्या कमरेला?

शासनाला आमच्या पोरांचा अचानक पुळका आलाय. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहून ठेवलं, सहावीपासून कोडिंग. तेवढ्याने पोट भरलं नाही म्हणून २०२५ साली दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं, २०२६-२७च्या वर्षात तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता. वा रे वा! वर्गातला पंखा बंद, चार वर्गांना दोन मास्तर, त्यातला एक मतदार याद्या बगलेत मारून घरोघर फिरतोय, आणि हे कृत्रिम बुद्धी वाटायला निघालेत. खऱ्या बुद्धीला हजारो वर्षं कुलूप घालणाऱ्यांची ही औलाद.

पण मी टवाळी करायला बसलो नाही. टवाळी करून हात झटकायचे ही आपल्यातल्या शिकलेल्यांची जुनी खोड. मला हे शिक्षण पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाहिजे, महापालिकेच्या शाळेत पाहिजे, आश्रमशाळेत पाहिजे. फुकट पाहिजे आणि अस्सल पाहिजे. भांडण त्या ‘अस्सल’ शब्दावरून आहे.

आधी आकडे बघा. केंद्र सरकारच्याच यूडायसच्या अहवालात २०२३-२४ साली चालू कॉम्प्युटर असलेल्या शाळा ५७.२ टक्के. २०२४-२५ साली ६४.७ टक्के. म्हणजे तीनातली एक शाळा अजून कोरडी ठणठणीत, आणि ह्या हिशोबात पैसेवाल्यांच्या खाजगी शाळाही धरल्यात. बरं, कागदावर ‘सोय आहे’ म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. १९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं. प्रत्यक्षात २० मार्च १९२७पर्यंत आपल्या माणसाची ओंजळ त्या पाण्याला लागली नव्हती, आणि लागली तेव्हा डोकी फुटली. पुढे त्याच नगरपालिकेने ठराव फिरवला आणि कोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. तेव्हा शासन निर्णयाच्या कागदावर नाचू नका. पाणी कोण पितंय ते बघा.

मी महापालिकेच्या शाळेत शिकलो. कॉम्प्युटरची खोली होती आमच्याकडे. सगळ्या शाळेत पडदे होते ते त्याच खोलीला. चपला बाहेर काढायच्या, रांगेत आत जायचं, हात मागे बांधायचे. सर दाखवायचे: हा मॉनिटर, हा कीबोर्ड, हा माऊस. आम्ही माना डोलवायचो. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी दार उघडं, बाकी वर्षभर चावी हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये. सांगा, ती प्रयोगशाळा होती का गाभारा? मशीन पोरांनी बिघडवू नये म्हणून पोरांपासून लांब ठेवायचं! विहीर बाटेल म्हणून पोहरा लांब ठेवायचा, त्याच डोक्यातून निघालेली ही काळजी.

हे आजचं नाही. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांतून संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला. त्यासाठी बीबीसी मायक्रो नावाची ब्रिटिश मशिनं आणली. हीच मशिनं तिकडे इंग्लंडच्या शाळांत होती. तिकडची पोरं त्यावर बेसिक भाषेत प्रोग्राम लिहीत, मोडत, परत लिहीत. ती मशिनं बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीच्या माणसांनी १९८५ साली एआरएम नावाची चीप तयार केली, आणि आज तुमच्या खिशातला मोबाईल त्याच वंशाच्या चीपवर चालतो. मशीन तेच. तिकडे पोरांच्या बोटांखाली, इकडे बऱ्याच ठिकाणी कव्हराखाली. मग २००४ साली ‘आयसीटी’ योजना. तिच्यात बूट पद्धत आली: कंपनीने मशिनं आणायची, चालवायची आणि मुदत संपली की शाळेच्या गळ्यात टाकून मोकळं व्हायचं. मास्तरही कंत्राटी. कंत्राट संपलं, मास्तर घरी. महाराष्ट्रातले हे संगणक शिक्षक आझाद मैदानात घोषणा देऊन देऊन थकले. २०१५ साली मुंबई महापालिकेने आठवीच्या पोरांना टॅब वाटले, फोटो झकास आले. मशीन येतं, जातं. शिकवणारा कायमचा माणूस तेवढा कुणी देत नाही, कारण त्याला दरमहा पगार द्यावा लागतो आणि पगाराला रिबीन कापता येत नाही.

आता अस्सल म्हणजे काय ते सांगतो. कॉम्प्युटर वापरणं वेगळं आणि कॉम्प्युटरला हुकूम देणं वेगळं. सरकारी नोकरीच्या फॉर्मला एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट लागतं म्हणून वस्तीतली पोरं उसनवारी करून तो कोर्स करतात. फाईल उघडा, अक्षर ठळक करा, तक्ता काढा, प्रिंट मारा. शिकावं, ना नाही. पण ही कारकुनी झाली. हुकूम देणारा वेगळा, हुकूम बजावणारा वेगळा. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं की कामाच्या वाटणीच्या नावाखाली इथे माणसांचीच वाटणी झालीय. नव्या मशीनवर जुनीच उतरंड चढते आहे: वर प्रोग्राम लिहिणारा, खाली डेटा एन्ट्रीवाला, त्याच्याखाली ॲपच्या इशाऱ्यावर जिने चढणारा डिलिव्हरीवाला. इंग्लंडने २०१४ साली हा नुसता ‘वापरा’ शिकवणारा आयसीटी विषय मोडीत काढला आणि पाच वर्षांच्या पोरापासून कॉम्प्युटिंग लावलं. आपल्याकडे बारावी बोर्डाचा कॉम्प्युटर सायन्स हा दोनशे गुणांचा बायफोकल विषय आहे. कुठल्या कॉलेजात आहे, तुकडी अनुदानित का विनाअनुदानित, वेगळी फी किती, हे विचारून या म्हणजे कळेल तो कुणासाठी आहे.

आणि कॉम्प्युटर आपल्या वस्तीत आलाच नाही असं समजू नका. आला. आधी आईच्या मनगटावर आला. नागपूर महापालिकेने २०२०च्या आधीच सफाई कामगारांच्या हाताला जीपीएसची घड्याळं बांधली. ज्या नागपुरात १९५६ साली आपण माणसं झालो, त्याच नागपुरात. कोण कुठल्या गल्लीत आहे, किती वेळ आहे, सगळं कंट्रोल रूमच्या पडद्यावर ठिपका होऊन दिसतं. ठिपका हद्दीबाहेर गेला की पगार कापतात, अशी कामगारांची तक्रार. पेशवाईत गळ्यात मडकं होतं, आता मनगटावर घड्याळ आहे. मडकं निदान मुकं होतं. हे चुगली करतं. आता मला सांगा, लघवीला जागा नाही म्हणून दोन गल्ल्या पलीकडे गेलेली बाई आणि काम टाकून गेलेली बाई, ह्यातला फरक त्या प्रोग्रामात कुणी लिहिला? लिहिला नसेल तर का नाही लिहिला? ज्याने लिहायचा त्याच्या सात पिढ्यांत कुणी झाडू धरला होता का?

रेशनच्या दुकानातलं मशीन घ्या. विटा उचलून, भांडी घासून आजीच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या. मशीन म्हणतं, तू ती नाहीस. एकलव्याचा अंगठा कापून घेतला होता. हिचा जागेवर आहे, तरी चालत नाही. अंगठा जुळला नाही तर दुसरी खूण तपास आणि धान्य दे, ही अट प्रोग्रामात घालायची का नाही आणि दुकानदाराला ती पाळायला लावायची का नाही, हे कुणीतरी खुर्चीत बसून ठरवतं. स्कॉलरशिपच्या पोर्टलवर तुमचा अर्ज महिनोन्‌महिने ‘प्रलंबित’ दिसतो, तेही कुणीतरी ठरवलेलंच असतं. पूर्वी नियम पोथीत होते आणि पोथी वाचायची बंदी होती. आता नियम कोडमध्ये आहेत.

इथे लगेच एक शहाणा उठतो: त्याला इंग्रजी लागतं, तुमच्या पोरांना झेपणार नाही. ह्या ‘झेपणार नाही’ने आमच्या किती पिढ्या खाल्ल्या! पायथन नावाची भाषा आहे, जगभर कॉलेजांत हीच शिकवतात. तिचे राखीव शब्द किती? ३५. पस्तीस! आमचं पोरगं ह्याहून जास्त तर बसचे नंबर तोंडपाठ म्हणतं. बाकीची नावं देवनागरीत ठेवली तरी ती भाषा कुरकुर करत नाही. आधी दिवस आणि दर यांना आकडे द्या आणि मग लिहा: मजुरी = दिवस * दर. जशीच्या तशी, मराठीत. मशीन मुकाट हिशोब करतं. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापाची महिन्याची मजुरी सातवीतल्या पोरीने अशी काढली आणि ठेकेदाराच्या वहीतल्या आकड्याशेजारी ठेवली, तर तिला गणित कशाला शिकायचं हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि मशीन येईपर्यंत बसून राहायचीही गरज नाही. मतदार यादीतली हजार नावं बाराखडीच्या क्रमाने लावा. मधलं नाव उघडा, आपलं नाव अलीकडे का पलीकडे बघा, अर्धी यादी फेकून द्या, परत मधलं उघडा. हजार नावांतलं कुठलंही नाव फार तर दहा वेळा बघून सापडतं. हेच ते शास्त्र. ह्याला वीज लागत नाही, डोकं लागतं.

दुसरा शहाणा आपल्याच बाजूचा असतो, लाल नाहीतर निळा. तो म्हणतो, आधी संडास, आधी बाकं, आधी शिक्षक. कॉम्प्युटर ही चैन आहे. मित्रा, तुझा मुद्दा खरा आहे आणि तरी तू गोत्यात आणतोयस. ‘आधी हे, मग ते’ ही रांग कायम आपल्यासाठीच असते. १९ ऑक्टोबर १८८२ला जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे हेच मांडलं: कर भरणार कुणबी-शूद्र, त्या पैशावर शिकणार वरचे, आणि वर ओतलेलं खाली झिरपेल म्हणून खालच्यांनी वाट बघायची. १९५८ साली पवईला आयआयटी उभी राहिली, सगळ्यांच्या पैशावर. अनुसूचित जाती-जमातींना तिथे राखीव जागा मिळायला १९७३ उजाडलं. झिरपायची वाट बघायची तर अशी. संडास आणि कॉम्प्युटर एकाच बजेटातून, एकाच वर्षी मागा. पैसे नाहीत हे कारण ऐकून घेऊ नका. ज्या सरकारने २०२३ साली वीसच्या आतल्या पटाच्या चौदा हजारांवर शाळा ‘समूह शाळे’च्या नावाखाली गुंडाळायचा घाट घातला आणि त्याच सालात शाळा उद्योगपतींना दत्तक द्यायचा निर्णय काढला, त्याच्याकडे पैशाची नाही, लाजेची टंचाई आहे. शाळाच राहिली नाही तर कोडिंग काय झाडाखाली शिकवणार?

सरकारने सोडलेली जागा बाजार कशी भरतो तेही आपण बघितलं. २०२० साली शाळा बंद होत्या, आमची पोरं एका मोबाईलवर तिघं बसली होती, तेव्हा व्हाईटहॅट ज्युनियरची जाहिरात यायची. वुल्फ गुप्ता नावाचं पोरगं कोडिंग शिकून गूगलमध्ये कोट्यवधीच्या पगारावर लागलं म्हणे. असं पोरगंच नव्हतं! आरडाओरड झाल्यावर जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. ती कंपनी विकत घेणारी बायजूज २०२४ साली दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती. ह्यांच्या भरवशावर पिढी सोडायची?

केरळने वेगळं केलं. २००१ साली आयटी ॲट स्कूल सुरू केलं आणि शाळेतल्याच कायम मास्तरांना शिकवून तयार केलं. मशीनवर मुक्त सॉफ्टवेअर घातलं, म्हणजे कंपनीला दरसाल खंडणी नाही आणि पोराला आतलं उघडून बघायची मोकळीक. २०१८ साली ४५ हजार वर्ग साधनांनी भरायचा कार्यक्रम घेतला आणि शाळाशाळांत पोरांचे ‘लिटल काइट्स’ क्लब काढले. तिथे सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. पण सरकारी शाळेत हे होतं, हे सिद्ध झालं.

आता नवीन टूम निघालीय: कोड तर एआयच लिहिणार, मग शिकायचं कशाला? हे सांगणारे स्वतःच्या पोरांना कोट्याला पाठवतात. सावकाराचा कागदही आपला बाप लिहीत नव्हता, दुसराच लिहायचा. बाप फक्त अंगठा उठवायचा. जमीन कुणाची गेली?

राहता राहिलो आपण. जयंतीला डीजेच्या भिंती लावायला वर्गणी निघते, महापुरुषांचे स्टेटस रात्री बाराच्या ठोक्याला पडतात. आपल्यातला साहेब झालेला स्वतःच्या पोराला इंटरनॅशनल स्कूलात घालतो आणि वस्तीत येऊन ‘शिका’ म्हणून भाषण ठोकतो. त्याच्या भाषणाला टाळ्या वाजवणं बंद करा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीचे पाऊणशे टक्के सभासद पालक असतात. म्हणजे आपल्या आया-बाप. किती जणांना ती बैठक कधी होते हे माहीत आहे? वस्तीतल्या दोन पोरींनी आणि दोन पोरांनी आईला सोबत करून त्या बैठकीला जायचं आणि एकच सांगायचं: खोली उघडा, आत्ता.

उघडली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शाळेत मशिनं किती, चालू किती, गेल्या वर्षी खोली कुठल्या तारखांना उघडली, नोंदवहीची नक्कल द्या. शिकवणारा कायम का कंत्राटी, पगार कुणाकडून. दुरुस्तीला किती पैसे आले, कुठे गेले. मराठीत, साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही नको. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.