निम्मे उत्पन्न तिचे, मग विवरणपत्रात ती कुठे?

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की आम्ही गोमंतकीय छाती पुढे काढून सांगतो: आमच्याकडे तो पोर्तुगीज काळापासून आहे, नवऱ्याच्या मिळकतीत बायको अर्ध्याची मालकीण! आयकर विवरणपत्र भरायची वेळ आली की मात्र हा अभिमान कपाटात जातो. दुकानाचा नफा, घरभाडे, बँकेचे व्याज, सगळे यजमानांच्या पॅनवर.

ही सवय नव्हे, चूक आहे. १९९४ साली आयकर कायद्यात ५अ कलम घातले गेले, तेही १९६३ पासून लागू धरून. २०२५ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद ठेवली आहे. पगार ज्याचा त्याचा. बाकीचे उत्पन्न पतिपत्नींनी निम्मे-निम्मे दाखवायचे. (लग्नाआधी वेगळा करार केला असेल तर गोष्ट निराळी.) अशांना ‘सहज’ फॉर्म चालत नाही. कापलेला टीडीएसही दोघांत विभागतो. पुण्या-मुंबईच्या सीएकडे काम दिले असेल तर त्याला हे आधी सांगावे, तिकडे असा प्रकार नसतो.

कर कमी की जास्त, हा पुढचा हिशेब. उद्या कर्ज काढायचे झाले तर अर्ध्या मिळकतीच्या मालकिणीकडे उत्पन्नाचा एकही कागद नसतो, हे आम्हाला अधिक खटकते. वहिनींचे पॅन कार्ड काढले आहे ना, एवढे आज घरी विचारून पाहावे.