पाणवठ्याची वाट कुणाच्या मेहरबानीवर नाही



हे पत्रक आम्ही संगमनेरात छापतो. गठ्ठा घेऊन गावाकडे निघालो की प्रवरेचा पूल लागतो. पुलाखालून जातं ते पाणी आपल्याच डोंगरातलं. रतनगडाच्या कुशीतून निघतं, भंडारदऱ्याला अडतं, निळवंड्याला पुन्हा अडतं, मग खाली अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला जातं. खालच्या शेतकऱ्याशी आपलं भांडण नाही. आपला प्रश्न साधा आहे. ज्यांच्या जमिनीवर हे पाणी साठलं, त्यांनी पाण्यापर्यंत जायचं कुठून?

भंडारदऱ्याचं काम इंग्रजांनी १९१० साली सुरू केलं आणि १९२६ साली पुरं केलं. ११ टीएमसीचं धरण. धरणाला नाव विल्सनसाहेबाचं, जलाशयाला ऑर्थरसाहेबाचं. पाण्याखाली गेली ती भातखाचरं मात्र आपल्या आज्या-पणज्यांची. माणसं वर सरकली आणि काठाच्या आधाराने जगली. हंडा काठावर, गुरं काठावर, जाळं काठावर, होडी काठावर. 'धरण उशाला, कोरड घशाला' असं लोक म्हणतात. त्यांच्यासाठी ती म्हण आहे, आपल्यासाठी तो दरसालचा मे महिना आहे.

आता काठच हातातून चाललाय.

काजवे बघायला, तंबूत राहायला मुंबई-पुण्याहून माणसं येतात. येऊ देत. आपल्या पोरांनी तंबू लावले, बायांनी चुलीवरची भाकरी विकली, घरात चार पैसे आले. त्यात वाईट काय? तंबूला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो तारेला.

एका गावातली गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या बायांना रोज त्याच माणसांसमोरून जायचंय. होळीनंतर बाया हंडे घेऊन उतरल्या, तर वाटेवर तारेचं कुंपण. रखवालदार म्हणाला, "प्रायव्हेट जागा आहे, पलीकडून जा." पलीकडून म्हणजे अर्ध्या तासाचा चढउतार, भरल्या हंड्याने. होडी लावायच्या जागी पिंपांवर फळ्या ठोकून पाहुण्यांसाठी धक्का केलेला. मासे धरणाऱ्याला सांगितलं, होडी इथं लावू नको. एका आजीने विचारलं, "बाबा, जागा घेतली ती घेतली, पाणी पण विकत घेतलं का?" रखवालदार गप्प. तोही आपल्यातलाच पोरगा.

आजीचा प्रश्न नीट समजून घेऊ. काठ म्हणजे एकच जमीन नाही. धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं, तिथवरची जमीन सरकारने धरणासाठी घेतलेली. ती कुणा हॉटेलवाल्याच्या सातबाऱ्यावर नाही. तिच्यावर कुठे जंगल आहे, त्यातलं बरंच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. कुठे खातेदाराचं शेत. तार लावणारा शेत दाखवतो आणि तिन्ही जागा अडवतो.

आणखी एक गोष्ट साहेबांच्या नकाशात दिसत नाही. पाणी जागचं हलतं. दिवाळीला दाराशी असतं, मे महिन्यात खाली दरीत जातं आणि मध्ये गाळपेर उघडी पडते. म्हणून पाणवठ्याची वाट कुठल्या एका खांबाशी संपत नाही. पाणी जाईल तिथवर वाट जाते. दिवाळीत काढलेल्या नकाशावर उन्हाळ्याची वाट बंद करता येणार नाही.

कायदा काय सांगतो? खाजगी शेतातून वर्षानुवर्षं चालत आलेली वाट ही वहिवाट आहे. शेताकडे, चराईकडे किंवा मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपण 'बघू पुढच्या साली' म्हणतो आणि तिथेच हरतो. वाट जंगलातून असेल तर २००६ चा वनहक्क कायदा आहे. मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न, चराई, निस्तार हे सामूहिक हक्क त्यात लिहिलेत आणि ते अभयारण्यातही लागू आहेत. नियम १३ प्रमाणे म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. फक्त एकच पुरावा पुरत नाही, जोडीला दुसरा लागतो. जुना पाणवठा, देवाचं ठाणं, मसणवटीची जागा, हे सगळं चालतं.

आता थोडं कडू बोलू. ही तार पुष्कळदा आपल्याच भावाच्या बांधावर लागते. लग्न, दवाखाना, कर्ज यापायी तो काठाचं शेत बाहेरच्या माणसाला देतो. स्टॅम्पावर सही होते आणि गावाला कळतं तार लागल्यावर. जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाड्याने द्यायची तरी कलेक्टरची आधी परवानगी लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे ती परवानगी नव्हे. भावाला शिव्या देऊन वाट उघडणार नाही. त्याची अडचण गावाने वेळेवर विचारली असती तर त्याने सही केली नसती, हेही खरं.

तंबूवाल्या पोरांनाही सांगणं आहे. वाट मोकळी ठेवली तर धंदा बुडेल असं तुम्हाला वाटतं. पण दोन हंडेवाल्या बाया समोरासमोर आल्या तर निघून जातील, एवढीच रुंदी आपण मागतोय. आणि आज तुम्ही आईची वाट अडवलीत, तर उद्या मोठा भांडवलवाला येऊन तुमच्या तंबूची वाट अडवेल, तेव्हा तुमच्या बाजूने कोण उभं राहील?

म्हणून पुढची पौर्णिमा यायच्या आत प्रत्येक काठच्या गावाने एवढं करावं. म्हातारी माणसं आणि पाणी भरणाऱ्या बाया पुढे घालून सगळ्या वाटा चालून याव्यात. पाणवठा, गुरांचा उतार, होडीची जागा, सगळं कागदावर काढावं. ग्रामसभेत ठराव करून त्याची नक्कल घ्यावी, आणि अर्जावर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. जिथे तार लागलीय, तिथे लागल्याची तारीख आजच लिहून ठेवावी.

धरणात जमीन गेली तेव्हा आपल्या माणसांकडे कागद नव्हता. यावेळी तो आपल्या हाताने तयार करू.

जल, जंगल, जमीन, आणि त्यांच्याकडे जाणारी वाटही, आमच्या हक्काची!