स्नेहसंमेलनातले लाइट: शॉर्टकट मुलांनाच ठरवू द्या

स्नेहसंमेलन जवळ आलं की आपण नाच बसवतो, कपडे गोळा करतो, साउंडवाल्याला ॲडव्हान्स देतो. लाइटचा विचार मात्र शेवटच्या दिवशी. मंडपवाला चार पार लाइट लावतो आणि ते रात्रभर आपोआप रंग बदलत राहतात. पोवाडा असो की शेतकऱ्याची नाटिका, लाल-निळं-हिरवं सुरूच! माझं मत असं की लाइटचं काम मुलांकडे द्यावं आणि कोणत्या कीने काय व्हावं हेही त्यांनीच ठरवावं.

आपला भाग नाटकवाल्यांचा. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. आज सांगलीत त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे, साताऱ्यात शाहू कला मंदिर आहे. तिथे नाटकाला गेलात तर लाइट चालवणाऱ्याकडे एकदा बघा. त्याची नजर रंगमंचावर असते आणि बोट अंदाजाने बटणावर जातं. शॉर्टकट यासाठीच लागतो. माऊस हातात घेतला की नजर स्क्रीनवर अडकते आणि तेवढ्यात प्रवेश संपतो.

आम्ही ‘क्यूएलसी प्लस’ वापरतो. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. डीएमएक्सवर चालणारे लाइट आणि लॅपटॉप यांना जोडणारा यूएसबी अडॅप्टर तेवढा लागतो. प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ मधला आकडा द्यायचा. लाल २५५, हिरवा १००, निळा ० म्हणजे झाली संध्याकाळ! असे ‘सीन’ तयार करायचे, व्हर्च्युअल कन्सोलवर प्रत्येकाचं बटण ठेवायचं आणि बटणाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याला कीबोर्डवरची की जोडायची. एवढंच काम.

पण कुणी करायचं? मागच्या वर्षी मी एकट्याने बसून अठरा शॉर्टकट केले आणि कागदावर लिहून सातवीतल्या एका मुलीला दिले. नाटिकेत रात्र झाली. तिने ‘एन’ दाबलं, पण ‘दिवस’ चालूच राहिला. पिवळ्यात निळा मिसळला आणि चोर आला तेव्हा रंगमंच पांढराशुभ्र! लोक हसले, पोरगी रडवेली झाली. चूक माझी होती. बटणं ‘सोलो फ्रेम’मध्ये ठेवली की एक लागल्यावर आधीचं आपोआप बंद होतं. हे मला नंतर कळलं.

यंदा तिच्या धाकट्या भावाच्या वर्गाला मी आधी संहिता वाचायला दिली आणि विचारलं, किती की हव्यात? उत्तर आलं, पाच. “सर, एन कशाला? नाटकात आधी सकाळ होते, तर सकाळ म्हणजे १.” मग दुपार २, संध्याकाळ ३, रात्र ४. पूर्ण अंधाराची की त्यांनी मुद्दाम लांब ठेवली, चुकून हात लागू नये म्हणून. अंधारात सापडावी म्हणून तिच्यावर चिकटवली टिकली! माझ्या अठरांपेक्षा त्यांच्या पाच बऱ्या निघाल्या, कारण त्या नाटक वाचून ठरल्या होत्या. भाषेच्या तासाला आपण आकलन, आकलन म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

काहीजण म्हणतील, मुलांच्या हातात वीज कशी द्यायची? द्यायचीच नाही. वायर, प्लग, स्टँड मोठ्यांनीच हाताळावेत. मुलांकडे फक्त लॅपटॉप. “कार्यक्रम बिघडला तर?” तालमीत लाइटचाही सराव घ्या. एकाने संहितेवर बोट ठेवून खुणेची सूचना द्यायची, दुसऱ्याने की दाबायची. सुरुवातीआधी तीन गोष्टी तपासा: सॉफ्टवेअर ऑपरेट मोडमध्ये आहे ना, कीबोर्ड मराठी टायपिंगवरून इंग्रजीवर आणलाय ना, चार्जर लावलाय ना.

प्रत्येक वर्गात स्टेजवर जायला घाबरणारी दोन-चार मुलं असतात. आपण त्यांना खुर्च्या मांडायला लावतो. त्यांच्या एका बोटाने सगळ्या गावासमोर रात्र होते, हा अनुभव त्यांना का देऊ नये? ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. त्या दिवशी कपाटातला लॅपटॉप बाहेर काढा. स्नेहसंमेलनापर्यंत सरावाला भरपूर दिवस मिळतात.