अल्युमिनियमला ‘जाड वेल्डिंग’ नको



पुण्यात मंडईला किंवा शेजारच्या बोहरी आळीत हार्डवेअर आणायला जाणारे आपले काही सभासद आता मेट्रोने जातात. मंडईचे भुयारी स्टेशन सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. या मेट्रोचे डबे अल्युमिनियमचे आहेत आणि माणसे त्यात बिनघोर बसतात. मग गावात वेल्डिंग मारून आणलेला दुधाचा कॅन थोड्याच दिवसांत त्याच जागी का चिरतो?

कारागिरावर खापर फोडून आपण मोकळे होतो. माझ्या मते निम्मा दोष गिऱ्हाइकाचा. आपणच दुकानात उभे राहून सांगतो, “दादा, जरा जाड मारा, आणि लवकर द्या.” लोखंडाला हे एखादे वेळी चालून जाते. अल्युमिनियमची जात निराळी.

एक तर त्याच्या अंगावर कायम ऑक्साइडची पातळ साय असते. आतला धातू ६६० अंशांना वितळतो, ही साय मात्र दोन हजार अंशांच्या वर. म्हणून स्टीलच्या स्वच्छ ब्रशने ती घासून काढायची, एसी करंटवर आर्गॉन वायूच्या आडोशाने जोड घ्यायचा. कॅनला दुधाचा ओशटपणा राहिला, पाणी राहिले, तर त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि गोठताना बुडबुडे आतच अडकतात. वरून जोड चकचकीत, आत जाळी! कारागीर घासत, पुसत बसला तर तो वेळ काढतो असे समजू नये. शिवाय हा धातू लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही, एकदम बसतो. गुळव्याची नजर लागते म्हणा ना.

आता जाडीचे. शिडीला, सांगाड्याला वापरतात त्यातले कित्येक मिश्रधातू तापवून, एकदम थंड करून, पुन्हा मंद आचेवर ‘पिकवलेले’ असतात. त्यांची ताकद आतल्या अतिसूक्ष्म कणांत असते. वेल्डिंगची आच लागली की ती घडी विस्कटते. ६०६१ टी-६ या जातीत जोडालगतची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. मोडते ती जोडाशेजारची पट्टी. पुन्हा पुन्हा थर चढवले, हळू हात फिरवला, की आच वाढते आणि मऊ पडलेला भाग आणखी रुंदावतो. ५०८३ सारख्या मॅग्नेशियमच्या जातीत हे नुकसान बरेच कमी. डबे बांधणारे हे सगळे आधी हिशेबात धरतात, जोडाजवळ पत्रा जाड ठेवतात. आपल्या शिडीला तो हिशेब कुणी केलेला नसतो.

तेव्हा कॅन, जुन्या तुषार संचाचे पाइप खुशाल जोडून घ्या, पण ज्यावर माणूस चढतो ती मोडकी शिडी वेल्डिंग करून वापरू नका. बदला.

आणि संचालक मंडळाला एक विनंती. हंगाम संपल्यावर आपल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीची कामे निघतातच. त्यासोबत एक आर्गॉनचा सेट आणि त्यावर शिकलेला एक माणूस सभासदांच्या कामासाठी ठेवावा. दर रास्त असावा, फुकट नको.