परीक्षा कोणती द्यावी?

बारावीच्या उंबरठ्यावरील मुलाने कोणत्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरावा, हा प्रश्न पुण्या-नागपुरातील घरांत फार वेळ घोटाळत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांतून मात्र तो दरवर्षी उभा राहतो आणि बहुधा शेजारच्या मुलाने जो अर्ज भरला तोच भरून मिटविला जातो. ही पद्धत आम्हांस घातक वाटते.

अभियांत्रिकीपुरते पाहू. कर्नाटकाच्या सी.ई.टी.त गुणानुक्रम ठरताना परीक्षेचे निम्मे आणि पी.यू.सी.च्या भौतिक, रसायन व गणित या विषयांचे निम्मे गुण धरतात. महाराष्ट्राच्या सी.ई.टी.त बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते. क्रम लागतो तो परीक्षेवरून. म्हणजे वर्षभर नेटाने अभ्यास करून वार्षिक परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या, परंतु घड्याळाच्या काट्याशी झुंजताना गांगरणाऱ्या मुलाला पहिली परीक्षा सावरून घेते, ज्याची पी.यू.सी. आजारपणात वा घरच्या अडचणीत गेली, त्याला दुसरी संधी देते. उणे गुण दोन्हींत नाहीत. म्हणून पालकांनी आधी आपले मूल ओळखावे, परीक्षा मागाहून.

दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकांची. पी.यू.सी.ची विज्ञानाची पुस्तके एन.सी.ई.आर.टी.ची, तर महाराष्ट्राची सी.ई.टी. तेथील मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर बेतलेली. त्यातही सुमारे ऐंशी टक्के भार बारावीचा. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याने ती पुस्तके निदान सहा महिने आधी आणून ठेवावीत. आठवडाभर आधी आणलेले पुस्तक म्हणजे लग्नघटिका भरल्यावर शिवायला टाकलेला अंगरखा! सुरतकल वा नागपूरच्या राष्ट्रीय तंत्रसंस्थेचे स्वप्न पाहणाऱ्यास जे.ई.ई. मेन द्यावीच लागेल. ती वर्षातून दोनदा होते आणि तेथे चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो.

आता माध्यमाविषयी. येथे आम्ही थोडे अप्रिय बोलणार आहोत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाने पुढची दोन वर्षे विज्ञान इंग्रजीतून वाचले असेल, तर केवळ अभिमानापोटी मराठी प्रश्नपत्रिका मागणे शहाणपणाचे नव्हे. 'मोमेंटम' शिकलेल्या मुलाला ऐन परीक्षेत 'संवेग' समोर आला की क्षणभर तरी तो अडखळणार. महाराष्ट्राच्या सी.ई.टी.तील गणित तर इंग्रजीतच असते. परंतु ज्याला मराठीतून प्रश्न पटकन उमगतो, त्याची वाट सरकारने अडवावी हे आम्हांस मान्य नाही. वैद्यकीय 'नीट' परीक्षा तेरा भाषांत होते, त्यांत मराठी आहे. मात्र मराठीची निवड महाराष्ट्रातील केंद्रांवरच करता येते. म्हणजे टिळकवाडीतील मुलीला मराठीसह इंग्रजी असलेली प्रश्नपत्रिका हवी असेल, तर घराशेजारचे केंद्र सोडून तिने सीमेपलीकडे जावयाचे. उर्दू पत्रिका देशभर कोठेही मिळते, आणि ती मिळावी हे योग्यच. मग लाखो मराठी माणसे जेथे पिढ्यान्पिढ्या राहतात तेथे मराठी का मिळू नये? छपाईची अडचण सांगितली जाईल. ती आम्हांस पटत नाही.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. सात वर्षे कर्नाटकात शिकलेला विद्यार्थी तेथील जागांना पात्र ठरू शकतो. आणि वादग्रस्त सीमाभागात राहणारा, तेथेच दहावी वा बारावी उत्तीर्ण झालेला, मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात 'ई' प्रकारातून महाराष्ट्राचा उमेदवार गणला जातो. दोन दारे उघडी असताना एकाच दारावर उभे राहण्याचे कारण नाही. दोन्ही अर्ज भरावेत. 'ई' प्रकारासाठी मात्र रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले ठराविक नमुन्यात लागतात. निकाल लागल्यावर त्यांच्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजविणारे पालक आम्ही नेहमी पाहतो. ते दाखले परीक्षेपूर्वीच काढून ठेवावेत, आणि त्यांच्या दोन-दोन प्रती घरी असाव्यात.