तोफ मोठी, पण दारू कुणाची?

मंडळी, सुट्टीत आमचा भाचा विजापूरला जाऊन आला. मलिक-ए-मैदान तोफेजवळ उभा राहून काढलेला फोटो त्याने साऱ्या नातलगांना पाठवला. खाली ओळ होती, "अशा तोफा असताना आपण हरलोच कसे?" सगळ्यांनी अंगठे दाखवले, मी नाही दाखवला. बाबा रे, उत्तर इथे देतो. राग आला तर नाकाडोंगरीला ये, चहा पाजीन आणि भांडीन.

ती तोफ १५४९ साली निजामशाहीत, अहमदनगरला ओतली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. वजन पंचावन्न टनांच्या घरात. एवढं धूड बुरुजावर बसलं की ते त्या बुरुजाचंच झालं. शत्रू दहा कोस दूर लढत असेल तर त्याचा उपयोग काय? फ्रान्समध्ये ग्रिबोव्हालने १७६५ च्या सुमारास उलट वाट धरली. तोफा हलक्या केल्या, घोड्यांमागे धावतील अशा. आपण मात्र अजून फूट आणि टन मोजत बसलो आहोत.

याच्या उलट बोलणारेही भेटतात. "आपल्याकडे चांगल्या तोफाच नव्हत्या हो!" हे तर साफ खोटं. महादजी शिंद्यांनी द ब्वान्य नावाच्या फिरंग्याकरवी कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतवल्या. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्याच जालना जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीची गाठ या तोफखान्याशी पडली. त्याच्या तोफा ओढणारे बैल आमच्या गोलंदाजांनी असे टिपले, की त्या तोफा मागेच राहिल्या. इंग्रज फळी तोफा ओलांडून पुढे गेली, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तिच्या पाठीवर मारा केला. इंग्रजांकडे मेलेले-जखमी मिळून दीड हजारांवर. ही का कमअस्सल तोफखान्याची कामगिरी?

मग हरलो कशाने? फौज शिंद्यांची, पण तिचे वरचे अंमलदार परके. लढाईच्या तोंडावर कंपनीने जाहीरनामा काढला, की आमचे लोक शिंद्यांची चाकरी सोडतील तर त्यांची सोय लावू. आणि बरेच जण गेले! तोफा तिथेच राहिल्या, त्या चालवणारी माणसंही राहिली, हुकूम देणारे मात्र पळाले. आपल्या गोलंदाजाला अंमलदार करावा असं दरबारात कुणाला वाटलं नसावं. मला यात दैव दिसत नाही, आळस दिसतो.

दुसरं कारण दारूचं. तोफेच्या काळ्या दारूत पाऊण हिस्सा सोरा, उरलेला कोळसा आणि गंधक. या देशात सोऱ्याची मोठी खाण म्हणजे बिहार, आणि तिथल्या सोऱ्याचा मक्ता कंपनीने १७५८ सालीच मिळवला होता. आमच्या बखरी घोड्यांच्या रंगांवर पानं खर्च करतात, सोरा कुठून यायचा हे सांगत नाहीत.

हे सगळं जुनं म्हणून सोडलं असतं. पण खोड गेलेली नाही. टीव्हीवर नव्या १५५ मिलिमीटरच्या तोफेचा पल्ला सांगताना निवेदकाचा ऊर भरून येतो. ती तोफ डागायला लागणारं प्रोपेलंट ज्या प्रकारच्या कारखान्यांत होतं, त्यातला एक आपल्याच जिल्ह्यात जवाहरनगरला आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट होऊन आठ कामगार गेले. किती दिवस बातमी चालली? आमच्या त्या ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी लग्नाचे फोटो सुरू झाले. आमच्या शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत मँगनीज निघतं, पोलादाला मँगनीज लागतंच, पण हे खणणाऱ्याला कुणी शस्त्रांच्या इतिहासात घातलेलं मी वाचलं नाही.

शाळेच्या पुस्तकात तोफांवर धडा घालायचा तर असा घाला : ओतणारा कोण, सोरा कुणाचा, बैल कुणाचे, गोलंदाजाला पगार कधी मिळायचा. आणि आजच्या काळाचं पान आलं की त्यावर त्या आठ जणांची नावं छापा. कारखान्याचं नाव छापायला हरकत नाही, मग माणसांची छापायला कसली?